पाळलेला वैरी

एपिफानिया सुरिताने एकदा डूख धरला की तो समोरचा मरेपर्यंत सुटायचा नाही, आणि पुष्कळदा मेल्यावरही सुटायचा नाही. तिच्या सासूला जाऊन जमाना झाला होता, तरी मृतांच्या सणाला सगळ्यांच्या नावाने पावाच्या बाहुल्या भाजताना ती सासूची बाहुली मुद्दाम करपवायची. "म्हातारीला मऊ पाव आवडायचा ना," म्हणायची, "आता बस म्हणावं चावत."

मी तिची कोमाद्रे. तिच्या लेकीला, निमियाला, बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातांवर धरलं आणि तिची माद्रिना म्हणजे धर्माची आई झाले, तेव्हापासून आमचं नातं सख्ख्या बहिणींसारखं झालं. म्हणजे भांडणंही तशीच, आणि भांडून झाल्यावर एका वाडग्यातून पिणंही तसंच. मी मोये पाम्पाच्या बाजारात बायकांचे घेरदार घागरे शिवते. ती चिचा, म्हणजे मक्याची आंबवलेली दारू, गाळायची. तिच्या दारातल्या काठीवर पांढरं फडकं चढलं की अर्ध्या खोऱ्याला कळायचं, आज चिचा तयार आहे. ज्याच्यावर तिचा डूख असे त्यालाही ती प्यायला द्यायची, पण तळाची, गाळ आलेली.

सासूवर डूख का, तर भिंतीवरून. लग्न होऊन आली तेव्हा घर कच्च्या विटांचं, भेगाभेगांचं, आणि भेगांतून विंचुका. ढेकणाची थोरली बहीण म्हणा हवं तर, बोटाच्या पेराएवढी. माणूस झोपला की छपरातून उतरायची, पोटभर रक्त प्यायची आणि तिथेच घाण करून जायची. एपिफानिया म्हणाली, भिंती लिंपून घेऊ. सासू म्हणाली, "ज्या घरात खायला असतं त्याच घरात विंचुका राहते. माझ्या घरची बरकत घालवायला आलीस का गं?" भिंती तशाच राहिल्या. चुलीपाशी पाळलेल्या गिनीपिगांचं रक्त प्यायचं, मग माणसांचं, असं त्या किड्यांचं वर्षानुवर्षं चाललं.

मग एका पेरणीला एपिफानियाचा नवरा कासिमिरो नांगरामागे चालता चालता खाली बसला, आणि उठला नाही. बैल बराच वेळ तसेच उभे होते म्हणे. माणूस रेड्यासारखा होता, पाच माणसांचं ओझं एकटा उचलायचा. पुढे त्याचा धाकटा भाऊ एका लग्नात वाजवता वाजवता वाद्यासकट कोसळला. लोक म्हणाले, नजर लागली. पाद्री म्हणाला, देवाची मर्जी. दवाखान्यातले लोक आले, त्यांनी गावाची बोटं टोचली आणि सांगितलं, चागास. विंचुकाच्या घाणीत एक जंतू असतो, खाजवलं की तो चामडीतून आत शिरतो, हृदयात जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं ते कुरतडत राहतो. एपिफानियाच्या रक्तात तो निघाला. निमियाच्याही निघाला.

त्या दिवशी एपिफानिया रडली नाही. तिने मला विचारलं, "कोमाद्रे, म्हणजे माझ्या नवऱ्याला कुणी मारलं ते आता ठरलं ना?"

"ठरलं," मी म्हटलं.

"बरं झालं. इतकी वर्षं मी उगाच देवावर राग धरून होते."

दुसऱ्याच दिवशी तिने छप्पर उतरवून जाळलं, पत्रे घातले, भिंती खरवडून लिंपल्या, गिनीपिगांना अंगणात हाकललं. एक विंचुका म्हणून दिसेना घरात. पण जो रक्तात शिरला होता त्याला कसा हाकलणार? डॉक्टर तिला म्हणाले, तुमच्या वयाला गोळ्यांचा उपयोग नाही, हृदय आधीच मोठं झालंय. निमियाला गोळ्या दिल्या. पोरीचं सगळं अंग भाजल्यासारखं लाल झालं, कातडी सोलवटली, चादर अंगाला चिकटायला लागली. गोळ्या बंद केल्या आणि ‘पुन्हा कधी घेऊ नकोस, जिवावर बेतेल’ असं सांगून मोकळे झाले. दुसरं औषध? दुसरं औषध नाही. गरिबांच्या हृदयात राहणाऱ्या जंतूसाठी कोण मरमर करतो? एपिफानिया निमियाच्या पाठीला मलम लावायची आणि दात खायची.

अशात कोचाबाम्बाच्या विद्यापीठातून दोक्तोरा लिदिया अंतेसाना आमच्याकडे यायला लागली. खोऱ्यातलीच, शेजारच्या गावची, म्हणून आमच्यात बसून उकडलेला मका खायची आणि तळाची चिचासुद्धा न कुरकुरता प्यायची. ती एपिफानियाच्या अंगणात बसून म्हणाली, "डोन्या एपिफानिया, हा जंतू मोठा लुच्चा आहे. स्वतःचे कपडे स्वतः शिवत नाही. आपल्या रक्तातल्या साखरेचे तुकडे ओरबाडतो आणि स्वतःच्या अंगावर चढवतो. रक्तात राखणदार असतात, ते परक्याला पकडतात. पण याच्या अंगावर घरचेच कपडे. त्यांना वाटतं, आपलाच माणूस."

"म्हणजे माझ्या कासिमिरोचे कपडे घालून कासिमिरोच्या काळजात फिरत होता?"

"तसंच समजा."

एपिफानियाने अशी काही शिवी दिली की गिऱ्हाइकांनी वाडगी खाली ठेवली. मला मात्र ती गोष्ट तिथल्या तिथे पटली. जन्म गेला माझा शिवण्यात. चोरीचा घागरा घालून बाजारात मिरवणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना बघून पहिला नमस्कार करणारे शिपाईही पाहिले आहेत.

दोक्तोरा म्हणाली, "आम्ही एक पदार्थ शोधलाय. तो जंतूला मारत नाही. त्याचा ओरबाडणारा हात धरून ठेवतो, एवढंच. कपडे चढले नाहीत की हा उघडा पडतो, आणि मग रक्तच त्याचा निकाल लावतं. आमच्याकडे बाटलीत वाढवलेले परदेशी जंतू आहेत, त्यांच्यावर हे चालतं. पण ते इतकी वर्षं बाटलीत राहून पाळीव झालेत. तुमच्या खोऱ्यातल्या जंतूंवर चालेल की नाही, कुणालाच ठाऊक नाही. नाही चाललं तर औषध दुसऱ्यांसाठी होईल, तुमच्यासाठी नाही. म्हणून मला इथला जंतू हवा. जिवंत."

"जिवंत कशाला? मी मेलेला देते," एपिफानिया म्हणाली.

"मेल्यावर पुन्हा कसा मारणार?"

हे एपिफानियाला पटलं. पण पकडायचा कसा, ते ऐकल्यावर तिचं डोकं फिरलं. जुन्या दुखण्यात रक्तात जंतू इतके थोडे राहतात की सुईने काढलेल्या रक्तात हाती लागत नाहीत. विंचुकाच्या पोटात गेले की मात्र वाढतात. म्हणून दोक्तोरा प्रयोगशाळेत विंचुका पाळायची, अंड्यापासून, कोंबडीच्या रक्तावर. कोंबडीला हा जंतू लागत नाही, म्हणून किडेही स्वच्छ. त्या भुकेल्या किड्यांची डबी आजाऱ्याच्या हातावर बांधायची, त्यांना पोटभर पिऊ द्यायचं, आणि मग महिनाभराने त्यांच्या पोटात वैरी सापडतो का बघायचं.

"विंचुका पाळता?" एपिफानिया म्हणाली. "कोंबड्या खाऊ घालून? दोक्तोरा, शिकून सवरून हे धंदे?"

निमियानेच तिला वळवलं. "मामाय, माझा हात घेऊ दे त्यांना. मला त्या गोळ्या परत घेता येत नाहीत. निदान हे तरी होऊ दे."

आमच्याकडे आयनी असते. आज तू माझ्या शेतात राबलास, उद्या मी तुझ्या शेतात राबेन, त्यात चुकारपणा चालत नाही. एपिफानिया म्हणाली, "ठीक आहे. तो मेला माझ्या घरी येऊन काम करून गेला. आता त्याच्या घरी आमची आयनी."

भर दुपार होती. अंगणात मोठ्या हंड्यात मक्याचं पाणी उकळत होतं, खाली जाळ धडधडत होता. दोक्तोराने जाळी लावलेली डबी निमियाच्या हातावर पालथी बांधली आणि वरून काळं फडकं गुंडाळलं, कारण हे चोर अंधारातच जेवतात. निमिया दात आवळून बसली होती. बऱ्याच वेळाने फडकं सोडलं. आत जाताना चपटे असलेले किडे बोराएवढे टम्म फुगले होते, आणि निमियाच्या हातावर लाल चकंदळं उठली होती. दोक्तोराने डबी बंद केली, एपिफानियाच्या हातात दिली, म्हणाली, "धरा जरा, मी हिचा हात धुते."

एपिफानियाने डबी धरली. डोळ्यांसमोर नेली. तिच्या लेकीचं रक्त पोटात घेऊन ते किडे सुस्तावले होते, एकमेकांच्या अंगावर पाय टाकत होते. तिचा चेहरा मी पाहिला आणि मला कळलं, पण उठेपर्यंत उशीर झाला. ती चुलीपाशी गेली, झाकण उघडलं आणि डबी जाळावर उलटी केली. फुटाण्यांसारखा आवाज झाला. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या खोऱ्यात विंचुका चिरडत नाहीत, जाळतात. लहानपणापासून हाताला तेच वळण.

दोक्तोरा ओरडली नाही. रिकामी डबी तिने आत-बाहेर पाहिली आणि ती जमिनीवर बसली. "त्यांनी कुणाचं काही केलं नव्हतं," ती म्हणाली. "अंड्यातून निघाल्यापासून मी वाढवले होते. पुढची पिल्लं वाढेपर्यंत आता माझ्याकडे काही नाही."

"विंचुकाच होत्या ना? मग जळू देत!"

"जळाल्या की. निमियाच्या आतला मात्र तसाच बसलाय, तिचेच कपडे घालून."

याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला सुळी. एपिफानियाला ते कुणी बोलायची गरज नव्हती. ती उभी राहिली होती तिथेच उभी राहिली, हंडा उतू गेला तरी. निमियाने हात पुसला आणि म्हणाली, "मामाय, बाबा गेला तेव्हा तू जवळ नव्हतीस म्हणून अजून स्वतःला खातेस. आज तर जवळ होतीस. वैऱ्याला मी धरून दिला आणि तू सोडून दिलास."

हे बोलणं फार लागलं. लागायलाच हवं होतं.

निमियाने पुढे जे केलं ते आमच्या खोऱ्यातल्या पोरीनेच करावं. तिने कपडे बांधले आणि शहरात जाऊन दोक्तोराच्या दारात उभी राहिली. "आईने तुमचे किडे जाळले. मी पुन्हा वाढवून देते. आमची आयनी आहे." दोक्तोरा नको नको म्हणाली, पण आयनीला नाही म्हणता येत नाही, आणि तीही खोऱ्यातलीच. निमिया कोंबड्या धरायला शिकली, किड्यांची अंडी निवडायला शिकली. हात चांगला म्हणून पुढे तिला तिथे कामावरच ठेवली.

इकडे एपिफानियाने काठीवरचं फडकं उतरवलं. "माझी पोरगी विंचुकांची दाई झाली," एवढंच म्हणायची. मी म्हटलं, "तुझ्यामुळेच झाली." तर महिनाभर माझ्याशी बोलली नाही. घरापुरती चिचा करायची, तिचा गाळ माझ्या वाडग्यात आला. मी तो पिऊन टाकला, कारण माझं काही चुकलं नव्हतं.

कापणी झाली आणि निमिया दोक्तोराबरोबर परत आली, हातात डबी घेऊन. निमियाच्या स्वतःच्या हातावर मधल्या काळात दोनदा प्रयत्न झाले होते, पण वैरी आला नाही. कधी येतो, कधी येत नाही. आता राहिला होता एपिफानियाचा हात.

एपिफानिया खुर्चीवर बसली. डावा हात पुढे केला. मग मला म्हणाली, "कोमाद्रे, तुझ्या पिशवीत घागऱ्याची नाडी आहे?"

"आहे. का?"

"उजवा हात बांध खुर्चीला. त्याच्यावर माझा विश्वास नाही."

मी बांधला. चांगल्या दोन गाठी मारल्या. डबी लागली, काळं फडकं गुंडाळलं गेलं. किड्यांनी सोंड घातली ते आम्हाला तिच्या चेहऱ्यावर कळलं. बांधलेला हात नाडीला हिसके देत होता, खुर्ची करकरत होती, आणि एपिफानिया खाली वाकून फडक्याशी बोलत होती, लहान मुलाला भरवावं तशा आवाजात. "पी. पी, माझ्या राजा. पोटभर पी. आणि त्या आतल्याला सांग, बाहेर ये म्हणावं. सासूने तुला ठेवून घेतलं, नवरा तुला खाऊ घातला, आता सून वाढतेय. लाजू नकोस." निमियाने तोंड फिरवलं. मी नाही फिरवलं. बाई संतापाने पांढरी पडली होती, पण डावा हात तिने तसूभर हलवला नाही. मला त्या दिवशी तिचा फार अभिमान वाटला.

वैरी आला. दोन किड्यांच्या पोटात सापडला. निमियाने तो वाढवला, बाटलीत घालून, ऊब देऊन, खाणं देऊन. आणि एक दिवस निरोप आला, एपिफानियाला शहरात बोलवा.

मीही गेले. दोक्तोराने तिला जंतू मोठे करून दाखवणाऱ्या दुर्बिणीपाशी बसवलं. एपिफानिया एक डोळा मिटून बघायला लागली.

"हे वळवळतंय ते?"

"तेच. तुमच्या हातातलं."

"इतकंसं?" तिला राग आला. "इतकंसं माझ्या कासिमिरोला भारी पडलं?"

दोक्तोराने दोन बश्या केल्या होत्या. दोन्हींत एपिफानियाच्याच रक्तावरचं पिवळं पाणी घातलेलं. पहिल्या बशीत तेवढंच. तिथे जंतू मजेत होते, कपडे घालून. दुसऱ्या बशीत तो पदार्थही मिसळला होता. निमियाने दुसरी बशी सरकवली. मला दिसत नव्हतं, मी एपिफानियाचा चेहरा बघत होते. आधी ती हलली नाही. मग तिचे ओठ हलायला लागले.

"एक थांबला," ती म्हणाली. मग, "हा गोल गोल फिरतोय. हा फुगला. हा फुटला. निमिया, हे तुझं औषध मारतंय?"

"नाही, मामाय. औषधाने फक्त त्याला कपडे घालू दिले नाहीत. मारतंय ते तुझं रक्त."

एपिफानियाने डोळा काढला नाही. "माझं?"

"तुझंच. ते इतकी वर्षं मारायला तयारच होतं. त्याला चोर ओळखू येत नव्हता."

तेव्हा मात्र ती रडली. दुर्बिणीवर डोळा तसाच ठेवून रडली, त्यामुळे दोक्तोराला काच पुसावी लागली. पुसून झाल्यावर एपिफानिया पुन्हा बसली. शेवटचा वळवळायचा थांबेपर्यंत उठायला तयार नाही. "सावकाश मर," म्हणत होती, "मला काही घाई नाही." दोक्तोराने तिला समजावलं की हे बशीतलं आहे, पुढे उंदीर, मग माणसं, मध्ये कितीतरी वर्षं, आणि यातलं पुष्कळसं वाटेतच फसतं. एपिफानिया म्हणाली, "दोक्तोरा, मी सासूवर किती वर्षं डूख धरून आहे, विचारा हिला."

पुढची कापणी तिने पाहिली नाही. चिचाचा हंडा ढवळताना गेली, ढवळायचं लाकूड हातातच होतं. मोठं झालेलं हृदय शेवटी थांबलं. मी तिला माझ्या हाताने शिवलेला हिरवा घागरा नेसवला, आणि नेसवताना त्या जंतूला मी जे बोलले ते पाद्र्याने ऐकलं, ऐकू दे.

वर्ष सरल्यावर मी निमियाला भेटायला शहरात गेले, मका आणि चीज घेऊन. औषधाचं काय म्हणून विचारलं. उंदरांवर अर्धं चालतं, अर्धं नाही, पदार्थ बदलून बघताहेत, ती म्हणाली. मग तिने मला उबदार कपाट उघडून दाखवलं. आत चपट्या बाटल्यांत लालसर पाणी, आणि बाटल्यांवर चिकटवलेल्या कागदांवर नावं. एका रांगेत सगळ्या बाटल्यांवर एकच नाव होतं, एपिफानिया.

"हे काय आहे?"

"मामायच्या हातातून काढलेला जंतू. ज्याच्या रक्तातून मिळतो त्याचं नाव लागतं त्याला. इथली पद्धत आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. जिने जन्मभर त्याला शिव्या घातल्या, ज्याने तिच्या नवऱ्याला खाल्लं, तिला खाल्लं, त्याला तिचंच नाव? कपडे चोरले ते पुरे नव्हते, आता नावही दिलंत? आणि ती मातीत, आणि हा इथे उबेत, खाऊन पिऊन वाढतोय? मी बाटलीला हात घातला. फोडणारच होते.

निमियाने माझं मनगट धरलं. पोरीचा हात तिच्या बापासारखा आहे.

"फोडू नकोस, माद्रिना," ती म्हणाली. "हा मेला तर संपलं. मामायचा हात पुन्हा कुठून आणू? हा जिवंत आहे तोवरच मला याला मारता येतं. मी दर आठवड्याला मारते. वेगवेगळे पदार्थ घालून मारते. मग उरलेल्याला खायला घालते, वाढवते, आणि पुन्हा मारते."

ती शांतपणे बोलत होती. एपिफानियाचा आवाज चढायचा, हिचा चढत नाही. मला हिची जास्त भीती वाटली, आणि जास्त समाधानही.

"आज मारायचाय?" मी विचारलं.

"दुपारी मारणार होते."

"आत्ता मार. मी आलेय ना."

तिने बशी तयार केली, मला दुर्बिणीपाशी बसवलं आणि औषधाची नळी माझ्या हातात दिली. मी आत पाहिलं, ते वळवळत होते. मी थेंब टाकला.